शेजारी एकत्र येतात ते सभेमुळे की कामामुळे?

उंबरठा

वस्तीत एकोपा राहिला नाही, ही तक्रार सगळ्यांच्याच तोंडी असते. त्यावर उपाय म्हणून आधी सभा बोलावली जाते. सभेला नेहमीची मंडळी येतात, मागच्या वेळचेच विषय पुन्हा निघतात, दोघांची जुंपते आणि बाकीचे घड्याळाकडे बघत बसतात. पुढच्या सभेला आणखी काही डोकी कमी. शेवटी निष्कर्ष निघतो, की लोकांना कशाचं काही पडलेलं नाही.

मला हे मुळीच पटत नाही. पडलेलं असतं. पण अनोळखी माणसांसमोर मत मांडायचं, खिशातून पैसे काढून द्यायचे, कुणावर तरी जबाबदारी सोपवायची, तर आधी भरवसा लागतो. तो सभेत बसून येत नाही, सोबत काम करून येतो. काम लहान असावं, एका सकाळी उरकावं आणि झालेलं डोळ्यांना दिसावं. मोठ्या गोष्टी ठरवायची वेळ त्यानंतर येते.

मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण जपानमधल्या कोबे शहराचं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तिथे भूकंप झाला, सहा हजारांहून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यांखालून जे जिवंत निघाले त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. नागाता भागात आगी लागल्या, नळांना पाणी नव्हतं, गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. त्याच भागात मानो नावाची वस्ती आहे. दाटीवाटीची लाकडी घरं, मधे मधे छोटे कारखाने. आग तिथेही लागली. पण रहिवासी आणि कारखान्यातले कामगार रांग करून उभे राहिले, बादल्या हातोहात पुढे गेल्या आणि आग पसरायची थांबली.

मानोतले लोक मुळात एकत्र आले होते ते १९६० च्या दशकात, कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध. मग झाडं लावणं आलं, मग वृद्धांची काळजी, मग वस्तीची आखणी. तीस वर्षं एकातून दुसरं निघत गेलं. त्या पहाटे रांगेत शेजारी उभा असलेला माणूस अनोळखी नव्हता.

तुमच्याकडे पहिलं काम कोणतं होतं? पुढे ते टिकलं की विरलं, आणि कशामुळे? 'लोक जागे झाले पाहिजेत' असं मोघम नको, तपशिलात लिहा.

चौथा_मजला

पूर्ण सहमत. आमच्या इमारतीत सुरुवात शिडीने झाली.

शिडी प्रत्येक घराला वर्षातून एखाद-दोनदाच लागते, आणि लागते तेव्हा नेमकी नसते. तळमजल्यावरच्या काकांनी आपली ॲल्युमिनियमची शिडी जिन्याखाली आणून ठेवली. साखळी नाही, कुलूप नाही. बाजूला खिळ्याला एक वही टांगली आणि दोऱ्याला पेन्सिल बांधली. नाव, घर क्रमांक, कधी नेली, कधी आणून ठेवली. बस.

ती वही वाचण्यासारखी आहे. पहिल्या पानांवर नुसती नावं. पुढे कुणीतरी लिहिलंय, 'डावा पाय हलतो, जपून.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'स्क्रू आवळला. तिसऱ्या पायरीचं रबर गेलंय.' त्याखाली तिसरंच अक्षर, 'नवीन बसवलं.' या तिघांची त्याआधीची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरतीच होती. आता शिडीशेजारी ड्रिल मशीन आहे, कुबड्या आहेत, घडीची व्हीलचेअर आहे. व्हीलचेअर ज्या घरातून आली तिथल्या वहिनींनी वहीत फक्त 'वापरा' एवढंच लिहिलं.

पुढे पाण्याच्या टाकीचं मोठं काम निघालं तेव्हा वर्गणीवरून वाद झाला. होणारच. पण वाद घालणारे एकमेकांच्या घरी जाऊन बसले, बोलले. पूर्वी हेच लोक सूचनाफलकावर चिठ्ठ्या चिकटवून भांडायचे.

आकडेमोड

वाचायला छान वाटतं, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. फुकट्यांचं काय करायचं? मन्सर ओल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच सांगून ठेवलंय: फायदा सगळ्यांना मिळणार असेल आणि न राबणाऱ्यालाही तो नाकारता येत नसेल, तर स्वस्थ बसणं ज्याला त्याला परवडतं. गट मोठा असला की जास्तच, कारण एक जण कमी आला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्याकडे अंगण साफ करायला तेच सहा-सात जण उतरतात. त्यांतल्या दोघांनी आता चिडून येणं बंद केलंय. सदिच्छेवर किती दिवस गाडा ओढणार?

कंदील

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर फार चांगलं काम झालेलं आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. कुरणं, जंगलं, कालवे, मासेमारीचं पाणी लोकांनी पिढ्यानपिढ्या मिळून कसं सांभाळलं, याचे दाखले त्यांनी जगभरातून गोळा केले.

त्यांतला स्वित्झर्लंडच्या टर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम मला फार आवडतो. हिवाळ्यात जेवढ्या गाई तुम्ही पोसू शकता, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. मोजायला सोपा, लपवाछपवीला वाव नाही, आणि गावाने स्वतःच केलेला. जास्त गाई सोडल्या तर दंड, आणि दंड करणाऱ्या कारभाऱ्याला त्यातला अर्धा वाटा! म्हणजे लक्ष ठेवणाऱ्याची मेहनतही फुकट जात नव्हती.

टिकलेल्या गटांत सदिच्छा होती, पण नुसत्या सदिच्छेवर कुणी विसंबलं नव्हतं. नियम ज्यांना पाळायचे त्यांनीच केलेले असत. कोण पाळतंय ते सगळ्यांना दिसे. भांडण मिटवायला जवळची, बिनखर्चाची जागा असे. आणि शिक्षा पायरीपायरीने चढे. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपण महिनोन्‌महिने गप्प राहतो, मनात साठवतो आणि एक दिवस चारचौघांत त्या माणसाला फैलावर घेतो. तो कायमचा तुटतो. पहिल्याच वेळी दारात जाऊन 'काल दिसला नाहीत, बरं आहे ना सगळं?' एवढं विचारलं, तर पुष्कळ जण पुढच्या वेळी येतात.

तुमच्या अंगणाबद्दल सुचवतो. 'अंगण साफ करायला या' यात आपला वाटा कोणता ते कुणालाच कळत नाही. 'जिन्यापासून पंपापर्यंतचा पट्टा दुसऱ्या मजल्याचा' असं ठरलं की तो राहिला तर दिसतो, आणि केला तर त्यांनी केला हेही दिसतं. चिडून थांबलेल्या त्या दोघांना परत बोलवा, पण आधी काम वाटून ठेवा.

अबोली

न येणाऱ्यांत फुकटे असतील, पण येऊच न शकणारेही असतात, त्यांच्याबद्दल लिहिते. रात्रपाळीवाले. लहान मूल कडेवर असलेल्या. गुडघे गेलेले. ऐकू कमी येतं म्हणून गर्दीत अवघडणारे. भाड्याने राहणारे, ज्यांच्यापर्यंत बोलावणं पोचतच नाही कारण पत्र घरमालकाच्या नावे निघतं. संध्याकाळची वेळ ठेवली की घरातलं सगळं उरकणारी बाई आपोआप वगळली जाते. कुणी मुद्दाम करत नाही, पण वर्षानुवर्षं वेळ तीच आणि माणसंही तीच.

याची किंमत केवढी असू शकते ते जुलै १९९५ मध्ये शिकागोत दिसलं. उष्णतेच्या लाटेत तिथे सातशेहून जास्त माणसं दगावली, त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने लगतच्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल. गरिबी दोन्हीकडे, एकटे वृद्धही दोन्हीकडे. पण नॉर्थ लॉन्डेलमधला मृत्युदर साउथ लॉन्डेलच्या जवळपास दहापट. साउथ लॉन्डेलमध्ये रस्त्यावर सतत वर्दळ, त्यामुळे म्हातारी माणसं सहज बाहेर पडत. दुसरीकडे ओस पडलेल्या जागा आणि बाहेर पडायची भीती. तिथली माणसं दारं-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली.

म्हणून मला विचाराल तर वस्तीचं पहिलं काम हेच. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाची निदान एका शेजाऱ्याशी जोडी लावायची आणि रोजची एक खूण ठरवायची. आमच्या मजल्यावरच्या आजी सकाळी उठल्या की दाराबाहेरचा दिवा मालवतात. नऊनंतरही तो जळताना दिसला की समोरच्या घरातून कुणीतरी जाऊन त्यांची कडी वाजवतं. खूण आजींनीच सुचवली. रोज फोन करून 'मी बरी आहे' सांगायला त्यांना नको वाटायचं.

सावली२

दिव्याची खूण सुंदर आहे. तरी एक वेगळी बाजू मांडू का? जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात अशा ठिकाणी मी वाढले. कोण किती वाजता घरी आलं, कुणाबरोबर आलं, याची नोंद खिडकीतून व्हायची. तिथून बाहेर पडल्यावर मी मोकळा श्वास घेतला. एकोपा म्हटलं की माझ्यासारख्यांच्या पोटात गोळा येतो. आमच्यासाठी यात जागा आहे का?

अबोली

आहे, असायलाच हवी. आजींचं उदाहरण त्यासाठीच दिलं. काय कळवायचं, कुणाला आणि कसं, हे त्यांनी ठरवलं. दिवा मालवला की आम्हाला एवढंच कळतं की त्या उठल्या. घरात कोण आलं, त्या काय करतात, ते कळत नाही आणि आम्ही विचारतही नाही. ज्याची काळजी घ्यायची त्याने मर्यादा आखायची, एवढं पाळलं तर बराच जाच टळतो. शिवाय मदत करणारा प्रत्येक जण मैत्री मागत नाही. वर्षातून एकदा शिडी नेऊन परत ठेवणारी व्यक्तीही वस्तीचीच आहे.

आकडेमोड

कंदील, पट्ट्याची कल्पना पटली, मांडून बघतो.

अबोली, शिकागोकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहतो. नॉर्थ लॉन्डेलच्या लोकांत जिव्हाळा कमी होता म्हणून ती वस्ती ओस पडली नाही. कारखाने गेले, दुकानं गेली, माणसं सोडून गेली. तेव्हा प्रशासनाने करायची कामं रहिवाशांच्या गळ्यात घालायची आणि त्याला लोकसहभागाचं नाव द्यायचं, याला माझा ठाम विरोध आहे. लोकसहभागाच्या अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या होत्या. तळाच्या पायऱ्यांवर लोकांना बोलावतात ते त्यांची समजूत काढायला. मधल्या पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, पण ते मानायचं बंधन नसतं. निर्णयाचा खरा अधिकार फक्त वरच्या पायऱ्यांवर. शेजाऱ्यांनी गटार उपसायचं आणि गटार कुठून न्यायचं ते भलत्यानेच ठरवायचं, असं होत असेल तर आपण तळाशीच आहोत.

उंबरठा

मान्य. पण मागणी करायलाही शेजारी लागतातच. बंद दिव्याची तक्रार एकट्याने केली तर ती एका माणसाची कुरकूर ठरते. गल्लीतल्या बंद दिव्यांचे खांब क्रमांक, कोणता कधीपासून बंद, सोबत फोटो आणि घरटी एक सही, असा कागद गेला तर तो बाजूला सारणं अवघड जातं. असा कागद तयार करणं हेसुद्धा छोटं, दिसणारं कामच आहे. दोघं खांब मोजतात, एक लिहितो, दोघं सह्या घेत फिरतात. सह्यांच्या निमित्ताने कधी न वाजवलेली दारं वाजतात. मानोची सुरुवातही अशीच मागणीतून झाली होती.

वाटसरू

माणसांच्या स्वभावावर बरंच बोलणं झालं, जागेकडेही बघू या. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. पहिल्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. तिसऱ्यावर ०.९. बाकी सगळं सोडा, रस्ता ओलांडायची धास्ती वाटली की समोरचं घर परकं होतं.

दुसरा दाखला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीचा, मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडलेला. तळमजल्यावर जी घरं जिन्यापाशी होती, त्यांतल्या लोकांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री होती. स्वभावाचा फारसा संबंध नाही. येता-जाता गाठ पडायची, एवढंच.

यावरून माझा हट्ट असा की बाक कोपऱ्यात शोभेला ठेवू नका. जिथे माणसं तशीही थांबतात तिथे ठेवा: मुलांना घ्यायला येणारे उभे राहतात तिथे, पत्रपेट्यांपाशी, पाण्याची वाट बघतात तिथे. आणि दोन असतील तर काटकोनात मांडा. समोरासमोर बसलं की बोलायची सक्ती वाटते, एका रांगेत बसलं की मान वळवावी लागते. काटकोनात बोललं तरी चालतं, गप्प बसलं तरी चालतं. सावली२ यांनाही तिथे बसता येईल.

रानवारा

उंबरठा यांच्या मूळ मुद्द्याला जोड देतो. श्रीलंकेत गल ओया नावाचा सिंचन प्रकल्प आहे. १९८० च्या सुमाराला तिथे कालव्याचं पाणी शेवटच्या शेतांपर्यंत पोचत नव्हतं. वरचे लोक जास्त घेत, खालचे कोरडे. भांडणं इतकी की हे शेतकरी कधी एकत्र येतील असं अधिकाऱ्यांना वाटतच नव्हतं. तिथे तरुण संघटक पाठवले गेले, शेतकऱ्यांमध्येच राहायला. त्यांनी समिती, अध्यक्ष, घटना यांपासून सुरुवात केली नाही. आधी घरोघर जाऊन बोलले. मग एकाच चारीवर ज्यांची शेतं आहेत त्यांना जमवून चारीतला गाळ काढला, पाण्याच्या पाळ्या लावल्या. हे अंगवळणी पडल्यावर मग प्रतिनिधी निवडले, तेही मतदान न घेता सगळ्यांच्या संमतीने.

वरच्या अंगाला सिंहली शेतकरी होते, अगदी खालच्या टोकाला तमिळ. देशात दोन समाजांमधला तणाव वाढत असताना वरच्यांनी पाणी वाचवून खाली सोडलं. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मन भरून येतं.

संमतीने निवड करण्यावर थोडं. मतदान झालं की हरलेला गट तयार होतो, आणि छोट्या वस्तीत तो रोज जिन्यात भेटतो. संमतीला वेळ लागतो, चिकाटी लागते, पण पुढची कितीतरी वर्षं सोपी जातात. मात्र 'कुणाचा विरोध नाही ना?' असं घाईने विचारून उरकलेली संमती खरी नसते. जो बोलत नाहीये त्याला नाव घेऊन विचारावं लागतं.

कंदील

गट फुटतात ते बहुतेक वेळा पैशावरून, म्हणून तेही सांगून टाकतो. वर्गणी किती जमली, कुठे खर्च झाली, उरले किती, हे भिंतीवर लावा. दर महिन्याला, कुणी मागायच्या आत. पैसे ठेवणारा आणि हिशेब लिहिणारा वेगळे हवेत. यात अविश्वास काहीच नाही, उलट प्रामाणिक माणसाच्या अंगावर शिंतोडे उडू नयेत म्हणूनच ही सोय.

दुसरं, सगळं एकच माणूस करतो ती वस्ती मला फार नाजूक वाटते. त्याच्याच फोनमध्ये प्लंबरचा नंबर, त्यालाच पंपाची कळ माहीत, किल्ली त्याच्याच घरी. तो आजारी पडला की सगळं ठप्प. प्रत्येक कामाला पहिल्या दिवसापासून दोन माणसं लावा, एक जाणता आणि एक शिकणारा. वर्ष झालं की जाणत्याने बाजूला व्हायचं.

चौथा_मजला

शेवटचा मुद्दा आमच्याकडे लगेच लागू होतो. वही भरत आली की नवी आणायची आठवण अजून काकांनाच ठेवावी लागते. आता दुसऱ्या मजल्यावरच्या एका शाळकरी मुलीला त्यांच्या जोडीला घेणार आहोत. तिला नोंदी वाचायला तशाही आवडतात.

नवा_पत्ता

सगळं वाचलं. मी नुकताच एका इमारतीत भाड्याने आलोय. एकालाही ओळखत नाही. समितीत भाडेकरूंना घेत नाहीत. शिडी, बाक, वर्गणी हे सगळं माझ्यासाठी फार पुढचं आहे. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची? आमच्या मजल्यावर जिन्यातला बल्ब बरेच दिवस गेलेला आहे. माझ्या मनात आलं होतं की गुपचूप नवा लावून टाकावा.

अबोली

बल्ब जरूर लावा, पण गुपचूप नको. आधी समोरचं दार वाजवा आणि स्टूल मागा. तुमच्याकडे असलं तरी मागा.

उंबरठा

अबोलींना दुजोरा. स्टूल धरायला त्यांना बाहेरही बोलवा, एकट्याने चढू नकाच. हातासरशी विचारून घ्या की जिन्याच्या दिव्याचं बटण कोण लावतं आणि कोण बंद करतं. बहुतेक इमारतींत ते कुणीतरी एकच माणूस वर्षानुवर्षं न बोलता करत असतो. त्याला शोधा. तुमची दुसरी ओळख तिथे होईल.

नवा_पत्ता

रविवारी सकाळी करतो. काय झालं ते कळवतो.